आवाज मागाहून येतो

नेहरू स्टेडियमच्या अगदी वरच्या पायरीवरून
लाथ आधी दिसते,
आवाज मागाहून येतो,
जसा ट्रंक लाइनवर कलकत्त्याचा यायचा.

मी टेलिफोनात होते. छत्तीस वर्षं.
रात्रपाळीला गवारीकरबाईंची मान कलली
की मी कलकत्ता जोडायचे.
पलीकडे शेफालीदी. कधी पाहिलं नाही तिला.
किती झाले आपले?
ती म्हणायची, दो-एक.
दोन कोणाचे ते सांगायची नाही.
तिच्या थांबण्यावरून मी ओळखायचे,
आणि बहुतेकदा बरोबर ओळखायचे.

यजमान म्हणत, हरणाऱ्यांसाठी कसलं जागरण करतेस?
आणि पांघरूण ओढून क्रिकेटची बाजू घेत.
त्यांना काय सांगणार,
की परदेशीपुऱ्यात मिलच्या मैदानाला भिंत होती,
भिंतीत एक वीट नव्हती,
आणि त्या वीटभर जागेतून
मी महूच्या पलटणीची मॅच बघितलीय.
माणसं नाही दिसायची. पाय दिसायचे.
चेहरे मी नंतर, घरी जाऊन, लावत असे.

आज चेहरे आहेत.
एकोणसत्तराव्या वर्षी, दोनशे रुपयांत.
गेटवरच्या पोरीनं पिशवी उपडी केली,
अडकित्ता काढला, पत्र्याच्या पेटीत टाकला.
ये अंदर नहीं, दादी. जाते टेम ले लेना.
सुपारी मात्र राहू दिली.
अख्खी सुपारी. तिचं मी काय करू?

राष्ट्रगीताला गुडघा वेळेवर उठला नाही.
शेजारचा हुजैफा, अठरा-एकोणीसचा,
अंगात कुठल्याशा परदेशी क्लबचा लाल सदरा,
त्यानं कोपर धरलं.
मग विचारत राहिला, दादी, वो सात नंबर कौन? वो लंबा वाला?
मी सांगत राहिले.
हा चुराचांदपूरचा, ह्याचा भाऊही खेळायचा.
हा मलप्पुरमचा, डाव्या पायाचा; उजवा फक्त उभं राहायला.
गोलकीपरचं बोट मोडलं होतं गेल्या वर्षी,
बघ, अजून पट्टी आहे.
जणू माझ्याकडेच जेवायला असतात सगळे.

खाली ते एकमेकांना हाका मारतात.
टीव्हीवर हे कधी ऐकू आलं नव्हतं.
एक मिझोत ओरडतो, दुसरा मल्याळममध्ये उत्तर देतो,
मध्येच एक पंजाबी शिवी,
आणि पास बरोबर जागी पडतो.
मध्ये कोणी ऑपरेटर नाही.

अठ्ठ्याहत्तराव्या मिनिटाला पाहुण्यांचा गोल.
साधाच. कोणीतरी कोणाला तरी मोकळं सोडलं.
जाळं आधी हललं.
मग आमच्याकडची शांतता आली,
तीही मागाहून.

हुजैफाचा फोन वाजला. त्याला काही ऐकू येईना,
माझ्याकडे दिला. कोण जाणे कोण, उज्जैनहून.
कितने हुए?
मी पाठ ताठ केली.
इंदूर बोलतेय, म्हटलं. शून्य-एक.
शेफालीदीसारखी थांबले नाही,
शून्य कोणाचं तेही सांगून टाकलं.
अजून अकरा मिनिटं आहेत. होल्ड करा.

त्यानं केलं. खरंच केलं.
कॉर्नर मिळाला, तो सांगितला.
हेडर बारवरून गेला, तो सांगितला,
केवढ्यानं गेला ते हातानं दाखवलं,
ज्याचा फोनवर काही उपयोग नसतो.
शिट्टी त्याची त्यानंच ऐकली.

बाहेर पडताना पेटी उघडी होती, पोरगी नव्हती.
लायटर, कंगवे, एक स्क्रू-ड्रायव्हर,
आणि अडकित्ते दोन.
एक माझा.
दुसरा पितळी, मोराच्या मानेचा,
दांड्या घासून घासून गुळगुळीत झालेला.

मी माझा उचलला. सुपारी कातरली.
एक खांड दाढेखाली धरलं
आणि गर्दी विरळ होईतो
पेटीपाशीच उभी राहिले,
कोण येतंय बघायला.